हे सहज दिसते

मुखपृष्ठ नव्हतं, म्हणून नावही नव्हतं.
बर्डीच्या फूटपाथवर रविवारी
नीटच्या गाइडांखाली दबलेलं,
तीस म्हणाला, वीसला दिलं.
(शून्य मैलाचा दगड तिथून जवळच,
पण त्याच्यावर कविता पुष्कळ झाल्या.)

मी गांधीबागेतल्या बँकेत रोखपाल.
दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजते
आणि रात्री कूलरसमोर बसून वाचते
गणितवाल्यांची आयुष्यं.
समीकरणं मात्र गाळून,
पोह्यातला कढीपत्ता ताटाच्या कडेला ठेवावा तशी.
मला हवा असतो तो पोरगा,
विसाव्या वर्षी द्वंद्वात गेलेला,
कागदाच्या कडेला ‘वेळ नाही’ लिहून ठेवणारा.
ती बाई, जिनं पुरुषाचं नाव लावून पत्रं धाडली.
तो म्हातारा,
डोळे गेल्यावर ज्याचा हात आणखी भरभर चालला.
बारावीला मला गणितात छत्तीस होते.
छत्तीसवाल्याला प्रमेयापेक्षा
प्रमेयवाल्याचं दुःख सोपं जातं.

पान एकशे बारा.
मूळ संख्या कधी संपत नाहीत, असं छापलेलं,
चार ओळींची सिद्धता, आणि शेवटी:
हे सहज दिसते.
समासात शिसपेन्सिल: दिसत नाही.
त्याखाली निळी शाई: अजून नाही.
मग तिरकं, घाईचं, अक्षरावर अक्षर चढलेलं:
दिसलं! लाइन गेली तेव्हा. २ जून, रात्र.
मागच्या कोऱ्या पानावर सही,
डोमाजी निनावे, गोळीबार चौक.

मी गेले.
गल्ल्यात एक नोट जास्त निघाली
की आम्ही माणूस शोधत जातो,
तसंच काहीतरी.

माग होता तिथं आता आटाचक्की.
पिठानं पांढऱ्या भुवया वर करून सून म्हणाली,
“सासरे होत आमचे. सात वर्सं झाली जाऊन.
बुढे रातभर आकडे मांडत राहे, बाप्पा.
कोनाले समजे? मीच देल्ली सारी पुस्तकं,
बारा रुपये किलोनं.”
मग काय वाटलं कोण जाणे, चक्की बंद केली,
पेटीतून एक लुगडं काढलं.
“हे पाहा. इतवारीच्या शेठनं वापस केलं.
म्हने, काठ चुकला.”

काठात तीन रंगांच्या बुट्ट्या.
लाल, दर एकोणतीस धाग्यांनी.
हिरवी एकतीस.
पिवळी सदतीस.
पदराशी तिघी एका ओळीत उभ्या,
जत्रेत फोटो काढायला उभ्या राहाव्या तशा,
आणि मग पांगलेल्या.
पुढे कुठे दोघी भेटतात
तर तिसरी तिथं नसतेच.
पेटीच्या झाकणाला आतून खडूनं हिशेब:
तिघी पुन्हा एकत्र
तेहतीस हजार दोनशे त्रेसष्टाव्या धाग्यावर.
आणि नऊवार तर त्याच्या अर्ध्यातच संपतं.

मी मोबाइलवर गुणून पाहिलं. सवय.
बरोबर होतं.

“शेठ म्हने, डिझाइन पुन्हा येतच नाही, इकू कसं?
मंग सासूनंच नेसलं, पोळ्याले, दिवाळीले.
कोनी इचारलं तं सांगे,
नवऱ्याची चूक हाय, वाया कायले घालवू?”

पुस्तक मी पुढे केलं.
तिनं हात पदराला पुसले, पण घेतलं नाही.
“ठेवा तुमीच.
इथं ठेवलं तं पुन्हा रद्दीत जाईन.”
आणि चक्की सुरू झाली,
त्यानंतर ती काय बोलली ते ऐकू आलं नाही.

रात्री अकराला छेचाळीस अंशांची भिंत
अजून उष्णता परत करत होती.
कूलरमधलं पाणी संपलेलं.
पान एकशे बारा.
आज ओळ गाळली नाही.
आहेत तेवढ्या साऱ्या गुणा,
एक मिळवा.
बरं. मिळवला एक.
आणि मग?
पुन्हा वरून वाचलं, बोट ठेवून, पहिलीतल्यासारखं.
लाइन काही गेली नाही.

त्याच्या ‘दिसलं’खाली
बोटभर जागा उरली होती.
पेन्सिल शोधून लिहिलं:
मला अजून नाही. १९ मे.